एका बोटाचा कन्व्हर्टर

रसेल पेंगेलीला पियानोच्या पट्ट्यांचा तिटकारा होता. एखाद्याला बर्गरमधलं बीट आवडत नाही, तर तो ते मुकाट्यानं काढून ताटलीच्या कडेला ठेवतो. रसेलचा तिटकारा त्या जातीचा नव्हता. तो बीट काढून सगळ्या टेबलाला दाखवणाऱ्यांपैकी होता. कुणाच्या घरी पियानो दिसला की रस्त्यात चिरडलेल्या पोसम नावाच्या जनावराकडे बघावं तसा तो त्याच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "काळ्या-पांढऱ्या पट्ट्या! म्हणजे तुम्ही कुठले सूर वाजवायचे ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय." यावर कुणी काही बोलत नसे, कारण बोललं की तो समजावून सांगायचा.

माणूस तसा साधा. प्रेस्टनला राहायचा आणि कौन्सिलच्या कचेरीत रहिवाशांना पार्किंगचे परवाने द्यायचा. किंवा नाकारायचा, जे त्याला जास्त आवडायचं. एकोणिसाव्या वर्षी तो एका बँडमध्ये बेस गिटार वाजवत होता. बेंडिगोच्या एका लग्नात नवरीच्या बापानं प्लग उपटला आणि तो बँड तिथेच संपला. पुढे लग्न, दोन मुली, फुटबॉलच्या मोसमात ओरडून घसा बसणं, असं सगळं रीतसर चाललं होतं. पण मेलबर्नच्या उत्तरेकडच्या उपनगरांत पंचेचाळिशी उलटलेल्या पुरुषांना काहीतरी होतं. कुणी अंगाला चिकटलेले कपडे घालून सायकलवर बसतो, कुणी आंबवलेल्या पिठाला नाव ठेवून ते तान्ह्या बाळासारखं सांभाळतो, कुणी मधमाश्या पाळतो. रसेलनं मॉड्युलर सिंथेसायझर घेतला.

घेतला म्हणजे दुकानात गेला आणि उचलून आणला, असं नव्हे. हे यंत्र कुणी एकदम घेत नाही. भिंतीला ओल चढावी तसं ते तुकड्यातुकड्यांनी घरात चढतं. एक तुकडा आवाज काढतो, दुसरा तो आवाज कापतो, तिसरा तो कधी कापायचा ते ठरवतो, आणि सगळे एकमेकांना रंगीत वायरींनी जोडायचे असतात. आठ वर्षांत गॅरेजची एक आख्खी बाजू बटणांनी, भोकांनी आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांनी भरली. मोटार बाहेर रस्त्यावर गेली, आणि तिच्यासाठी पार्किंगचा परवाना रसेलला स्वतःच्याच कचेरीत अर्ज करून मागावा लागला. त्याच्या सासूबाई, म्हणजे मर्लबाई, मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत राहत. त्या या यंत्राला 'कपाट' म्हणत. "आज परत कपाटाच्या पोटात दुखतंय का गं?" असं त्या सकाळी मुलीला विचारत.

दर गुरुवारी संध्याकाळी हेन्टी स्ट्रीट बोलिंग क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्यांच्या क्लबच्या, मागच्या खोलीत असल्या यंत्रांची मंडळी जमायची. सगळे पुरुष, सगळे काळ्या टी-शर्टातले आणि सगळ्यांच्या पाठी धरलेल्या. इथे एक अलिखित कायदा होता: कीबोर्ड आणायचा नाही, आणि ओळखू येईल असं काही वाजवायचं नाही. या मंडळींचा म्होरक्या ड्यूगल फेअरवेदर, कला महाविद्यालयातून निवृत्त झालेला मास्तर. भर जानेवारीच्या उकाड्यातसुद्धा याच्या गळ्यात मफलर. तो पाऊण तास एकच घुमणारा आवाज काढायचा, मध्ये केव्हातरी एक बटण केसभर फिरवायचा, आणि त्या क्षणी सगळी खोली श्वास रोखायची. शेवटी तो सगळ्या वायरी उपटून टाकायचा. म्हणजे आज जे ऐकलं ते पुन्हा कधीही ऐकायला मिळणार नाही. ही त्यांच्यातली पद्धतच होती, आणि ऐकलेल्यांपैकी कुणाचीही तिच्याबद्दल तक्रार नव्हती.

"सुरावट हा कैदखाना आहे," ड्यूगल म्हणायचा.

"खरंय," मंडळी म्हणायची आणि सॉसेज रोलवर सॉस ओतायची.

एकदा एक दातांचा डॉक्टर नवीन आला, तो काखेत छोटा कीबोर्ड मारून. बिचाऱ्यानं नाताळचं एक गाणं वाजवलं. ड्यूगलनं फक्त मफलर सारखा केला. पुढच्या गुरुवारी डॉक्टर आला नाही; हल्ली त्यानंही मधमाश्या पाळल्यात असं कळतं.

क्लबला या मंडळींचं काही कौतुक नव्हतं. खोली रिकामी राहण्यापेक्षा बरी, एवढंच. त्यांना अट एकच होती: एप्रिलमध्ये मोसम संपताना क्लबचं वार्षिक जेवण असतं, त्याला झाडून सगळ्यांनी यायचं आणि खुर्च्या उचलायच्या.

त्या जेवणात क्लबगीत म्हणायची चाल होती, आणि मर्लबाई तरुण होत्या तेव्हापासून त्याला पियानोची साथ त्याच करत आल्या होत्या. पूर्वी त्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत. ते चर्च विकलं गेलं आणि तिथे फ्लॅट उभे राहिले, तेव्हा त्या एकदाच म्हणाल्या, "देवाला दुसरीकडे जागा मिळाली म्हणजे बरं," आणि विषय मिटवला. उरला होता क्लबचा पियानो. त्याला यंदा वाळवी लागली. कमिटीनं तो रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला, कौन्सिलचा ट्रक येऊन घेऊन गेला, आणि कमिटीनं ठराव केला की यंदा क्लबगीताची साथ फोनवरून वाजवायची.

"फोनवरून!" रविवारी जेवताना मर्लबाई म्हणाल्या. काट्यावरचा कोकराचा तुकडा तोंडाशी जाऊन परत खाली आला. "मी अजून मेले नाहीये."

"आई, मी आमच्या शाळेतला इलेक्ट्रिक पियानो मागून आणते," रसेलची बायको ग्लेनिस म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि घरातली भांडणं वर्गातल्यासारखीच मिटवायची.

इथे रसेलनं बटाटा खायला हवा होता. समोर भाजलेला, कुरकुरीत बटाटा होता. पण तो हसला.

"ते प्लॅस्टिकचं खेळणं? अगं त्यात ऑर्गनचा आवाज नसतो, ऑर्गनचा फोटो असतो. खरा आवाज ऐकायचा तर माझं यंत्र ऐका. जगातला कुठलाही आवाज काढतं ते."

"कुठलाही?" मर्लबाईंनी विचारलं.

"कुठलाही, आई."

"मग आमचं क्लबगीत काढ."

"म्हणजे, तसलं आम्ही सहसा..."

"तू कशाला? मी वाजवीन की. तू फक्त त्या कपाटाला माझं ऐकायला लाव."

ग्लेनिसनं हातातली सुरी खाली ठेवली. तिला आपल्या आईचा हा सूर लहानपणापासून माहीत होता.

मर्लबाईंकडे चार चाकांची विजेची गाडी होती, म्हातारी माणसं दुकानात जायला वापरतात तसली. ती लिंबाच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून उभी असे, आणि पावसात भिजून तिची बॅटरी सारखी बसत असे. त्या गाडीवर त्यांचा जीव होता.

"हे बघ जावईबापू," त्या म्हणाल्या, "जेवणाच्या दिवशी तुझ्या कपाटावर गाणं वाजलं, तर गॅरेज तुझं. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही वाजलं, तर माझी गाडी आत आणि तुझं कपाट बाहेर. ग्लेनिस, तू साक्षीला."

"मी तर जेरीलाच आलेय," ग्लेनिस म्हणाली आणि ग्रेव्ही पुढे सरकवली.

आता पंचाईत अशी होती, की कीबोर्ड बोलतो आकड्यांत. अमकी पट्टी दाबली, अमकी सोडली, अशी त्याची भाषा. तिला मिडी म्हणतात. रसेलच्या यंत्राला आकडे कळत नाहीत. त्याला फक्त विजेचा दाब कळतो: एक व्होल्ट वाढला की आवाज एक सप्तक वर. या दोघांच्या मध्ये दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे मिडीचे व्होल्ट करून देणारी एक लहानशी पेटी, कन्व्हर्टर. रसेलकडे ती नव्हती, आणि ती आपल्याकडे नाही हे त्यानं आठ वर्षांत दर गुरुवारी कुणाला ना कुणाला ऐकवलं होतं. एखाद्या शाकाहाऱ्यानं खाटकाच्या दारात उभं राहावं, तशी त्याची अवस्था झाली.

मग वाचन सुरू झालं, ते तीन आठवडे चाललं. या पेट्यांवरून इंटरनेटवर भांडणारी एक स्वतंत्र मनुष्यजात आहे. रसेल कचेरीत बसून त्यांचं लिखाण वाचू लागला. नॉर्वेतल्या एका गृहस्थानं सहा पेट्यांचे व्होल्ट मोजून त्यांचे आलेख काढले होते. कुणी त्याच्या मीटरवरच शंका घेतली, तर त्यानं त्या मीटरचेही आलेख काढले. दुसऱ्या एकानं एका सुराच्या हजाराव्या हिश्श्याची चूक सापडली म्हणून पेटी परत पाठवली होती. त्या दोघांनी आजवर काय वाजवलं याचा कुठेही उल्लेख नव्हता, आणि रसेललाही तो नसल्याचं जाणवलं नाही. त्या तीन आठवड्यांत प्रेस्टनमधले परवान्यांचे अर्ज टेबलावर साचले, लोकांनी खुशाल हव्या तिथे गाड्या लावल्या, आणि सगळ्यांचं उत्तम चाललं.

जेवणाला तीन दिवस उरले तेव्हा गुरुवारी दुपारी रसेल टोपी भुवयांपर्यंत ओढून थॉर्नबरीला थानासीच्या दुकानात शिरला. थानासी व्लाहोस जुनी-नवी वाद्ययंत्रं विकायचा, दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकांची टर उडवायचा, आणि यातल्या शेवटच्या कामात त्याचा हात सगळ्यांत साफ होता.

"ये रे रसेल. काय देऊ?"

"मला काही नकोय. एका मित्राला हवंय."

थानासीनं इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "काय हवंय मित्राला?"

"कन्व्हर्टर. मिडीचा."

"अरेरे. डॉक्टरला दाखवलं का?"

"थट्टा नको राव. कुणीतरी बघेल."

"दुकानात तू नि मी. आणि मी तर विकायला बसलोय." त्यानं काउंटरखालून दोन पेट्या काढल्या. "हा चार सुरांचा. एकदम चार पट्ट्या दाबल्या तरी चारही ऐकतो. आणि हा एकाच सुराचा, पण सोनाराचा काटा बघ. वाजवणार कोण आहे?"

"ते महत्त्वाचं नाही."

"अरे बाबा, महत्त्वाचं तेवढंच आहे."

"चार सुरांच्यात अचूकता किती?"

"माणसाच्या कानाला पुरेल इतकी."

'माणसाच्या कानाला' हे शब्द रसेलला शिवीसारखे लागले. तीन आठवडे ज्यांच्या पंगतीला तो बसला होता, त्यांच्यापैकी कुणी माणसाच्या कानासाठी काही घेत नव्हतं. तो ताठ झाला.

"एका सुराचा दे."

"तुझ्या मित्राला बोटं किती आहेत?"

"म्हणजे?"

"काही नाही, आपलं सहज." थानासीनं पेटी बांधली. "उद्यापासून मंगळवारपर्यंत दुकान बंद. आमचा ग्रीकांचा ईस्टर आहे, तुमचा होऊन गेला. बदलून मागायला आलास तर दारावर डोकं आपटशील. आणि हा घे कीबोर्ड, बुधवारपर्यंत उसना. याला स्वतःचा आवाज नाही, नुसत्या पट्ट्या आहेत. झाकून नेतोस का?"

रसेलनं तो घोंगडीत गुंडाळून, मागेपुढे बघत, डिकीत ठेवला. बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणाला तरी मारून आलाय.

शुक्रवारी त्यानं रजा टाकली आणि दिवसभर गॅरेज आतून लावून यंत्र लावलं. तर्जनीनं एक पट्टी दाबायची, मीटर बघायचा, पेचकसानं स्क्रू रेसभर फिरवायचा, पुन्हा तीच पट्टी. संध्याकाळपर्यंत व्होल्ट असा बसला की नॉर्वेच्या गृहस्थानं गळामिठी मारली असती. रसेल स्वतःवर इतका खूश झाला की त्यानं एक बिअर उघडली आणि त्या एका सुरासमोर बसून प्यायली.

शनिवारी सकाळी मर्लबाई आल्या. खुर्चीवर उशी ठेवली, चष्मा पुसला, बाह्या सारख्या केल्या. रसेल बाजूला उभा होता, नवऱ्यामुलाच्या बापासारखा. मर्लबाईंनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि क्लबगीताची सुरुवात दाबली.

आवाज आला. खोल, रेशमासारखा, काठोकाठ भरलेला. आणि एकच.

मर्लबाईंनी हात उचलले. पुन्हा ठेवले. पुन्हा एकच.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"बाकीचे काय, आई?"

"मी आठ बोटं ठेवली. आवाज एकाचा आला. सात कुठे गेली?" आणि त्या खरोखरच वाकून यंत्राच्या मागे बघू लागल्या.

कुणालाही वाटेल, तीन आठवडे वाचणाऱ्या माणसाला हे कळू नये? तर नाही कळलं. ज्यानं आठ वर्षं दर गुरुवारी एका आवाजाला दाद दिली, त्याच्या डोक्यातून माणूस एकाच वेळी दोन पट्ट्या दाबू शकतो ही गोष्ट पार धुऊन गेली होती. आदल्या दिवशी त्यानं दिवसभर कीबोर्ड तपासला, तोही तर्जनीनं. दुसरं बोट लावून बघावं असं त्याला सुचलंच नाही. दुसरं बोट त्याला लागत नव्हतं.

"हा कन्व्हर्टर एका वेळी एकच सूर घेतो," तो शेवटी म्हणाला. "पण काय अचूक घेतो, आई! हजाराव्या हिश्श्याचीसुद्धा..."

"रसेल, एका बोटानं मी फक्त लिफ्टचं बटण दाबते."

दारात ग्लेनिस उभी होती. ती चौकट धरून हसत होती. "तीन आठवडे! तीन आठवडे वाचत होतास तू!"

"त्यात हे कुठे नव्हतं."

"काय नव्हतं? माणसाला दहा बोटं असतात, हे?"

"हे कुणी लिहीतच नाही!" रसेल ओरडला, आणि ते अक्षरशः खरं होतं.

ग्लेनिस डोळे पुसत म्हणाली, "आई, मी शिपायाला फोन करते. शाळा उघडून पियानो काढून देईल तो."

"काही नको. मी कपाटावर वाजवीन म्हटलंय, कपाटावरच वाजवीन," मर्लबाई म्हणाल्या. "हरायचंच असेल तर त्यानं हरावं. मी कशाला माघार घेऊ?"

रविवारी सकाळी रसेलनं थानासीला फोन लावला. पाठीमागून बाजा, आरडाओरडा आणि चरबीचं चर्र ऐकू येत होतं.

"थानासी, तो चार सुरांचा कन्व्हर्टर..."

"रसेल, मी निखाऱ्यांवर कोकरू फिरवतोय."

"दुकानाची किल्ली तेवढी दे, मी येतो घ्यायला."

"किल्ली माझ्या खिशात आहे, खिसा पॅंटला आहे, पॅंट माझ्या अंगात आहे, आणि मी कोकरू फिरवतोय. मित्राला ईस्टरच्या शुभेच्छा सांग."

दुपारी रसेलनं यंत्राचा जेवढा भाग उचलता येईल तेवढा उचलून क्लबात नेला. पाऊस भुरभुरत होता. आत टेबलं मांडली होती, कडेला खिम्याचे पॅटिस गरम ठेवण्याचं काचेचं कपाट, टोकाला पावलोव्हा केक, आणि पांढऱ्या कपड्यातली म्हातारी मंडळी. गुरुवारचा काळा ताफा खुर्च्या लावत होता. रसेलनं घोंगडी सोडली आणि पट्ट्या दिसल्या. ड्यूगलच्या हातातली खुर्ची हवेतच राहिली.

"रसेल," तो हळू आवाजात म्हणाला, "हे काय आहे?"

"सासूबाईंचं आहे," रसेल तत्काळ म्हणाला. असा मर्द!

"माझंच आहे," मर्लबाई म्हणाल्या. "आणि तू कोण? हां, तूच ना तो, बिघडलेल्या फ्रिजसारखा आवाज काढणारा?"

ड्यूगलनं मफलर सारखा केला. पण मर्लबाई काही दातांच्या डॉक्टर नव्हत्या. त्यांना मफलरांचं काही वाटत नसे. त्यांनी खुर्चीवर उशी ठेवली आणि समोरच्या मंडळींकडे एकदा नजर फिरवली. इतकी वर्षं या लोकांना गाताना ऐकल्यामुळे त्यांचा रोग त्यांना नेमका माहीत होता. सुरावट सगळ्यांना तोंडपाठ, पण दर कडव्याला सगळेच थोडे थोडे खाली घसरायचे, आणि शेवटची ओळ येईपर्यंत गाणं तळघरात पोचायचं.

"ऐका रे सगळे," त्या म्हणाल्या. "यंदा माझ्याकडे एकच बोट आहे. सुरावट तुम्ही म्हणा. मी खर्ज धरते. आणि जो घसरेल त्याला केक नाही."

आणि त्यांनी डाव्या टोकाची एक पट्टी दाबली.

तो खर्ज कानांना ऐकू येण्याआधी टेबलांना कळला. काटे-चमचे थरथरले. पावलोव्हाच्या अंगावर शहारा आला. कोपऱ्यात एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून त्याच्याकडे संशयानं बघितलं. मग मंडळी गाऊ लागली:

हिरवळ आमची सरळ सपाट,
गोळा तेवढा वाकडा जाई;
कडेच्या क्लबला हरवून येऊ,
हरलो तरी घरची घाई नाही!

मर्लबाईंचं बोट एका पट्टीवरून दुसरीवर सावकाश, ऐटीत जात होतं, आणि खालून तो आवाज फरशीसारखा पसरत होता. त्या फरशीवर उभं राहून म्हातारी मंडळी गायली आणि इतक्या वर्षांत प्रथमच घसरली नाहीत. शेवटची ओळ जिथे व्हायला हवी तिथेच झाली. ती झाल्यावर सगळ्यांनी दचकून एकमेकांकडे बघितलं, आणि मग इतक्या टाळ्या पडल्या की बारमधले लोक ग्लास घेऊन बघायला आले. अध्यक्षांनी रसेलची पाठ थोपटली. एक म्हातारी म्हणाली, "पोरा, माझ्या गुडघ्यातसुद्धा जाणवलं बघ." रसेलचे डोळे भरून आले होते, पण हे त्यानं खाली वाकून वायर तपासण्यात लपवलं.

मर्लबाई खुर्चीतून उठल्या. त्यांचेही गाल लाल झाले होते.

"मी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "एका बोटाचं का होईना, वाजलं. लोक धरून गायले. फोनला जमलं नसतं ते. गॅरेज राहू दे तुझ्याकडे."

"थांब आई," ग्लेनिस म्हणाली. "साक्षी मी आहे. यंत्र रसेलचं, बढाई रसेलची. त्यानंच सगळ्यांसमोर सांगावं. रसेल, गाणं वाजलं का?"

एवढंच म्हणायचं होतं, 'वाजलं'. तीन अक्षरं. पार्किंगच्या खिडकीत बसून हा माणूस दिवसाला शेकड्यानं अक्षरं फुकट वाया घालवायचा. पण ड्यूगल हातात छोटा पॅटिस घेऊन जवळ आला होता आणि त्याच्या मागे काळे टी-शर्ट उभे होते.

"मलाही ऐकायला आवडेल," ड्यूगल म्हणाला. "माझ्या कानांना ती निव्वळ कंपनं वाटली. सुंदर, निर्भय कंपनं. पण आता हे लोक म्हणताहेत की तू गाणं वाजवलंस. तू क्लबगीत वाजवलंस का, रसेल?"

रसेलनं सासूबाईंकडे बघितलं. खिडकीतून पाऊस दिसत होता. त्यानं ड्यूगलच्या मफलरकडे बघितलं. आठ वर्षांचे गुरुवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले, त्यातला एकही आठवण्यासारखा नव्हता, आणि तरी त्याचं तोंड उघडलं.

"आता तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..." तो म्हणाला.

"नीट विचार करून बोल, जावईबापू," मर्लबाई म्हणाल्या. "मी तुला गॅरेज दिलंय. हातात दिलंय. घट्ट धर."

"नाही आई, बघा ना, सुरावट लोकांनी म्हटली. यंत्रानं फक्त खालच्या कंपनांचा एक अभ्यास मांडला. त्याला गाणं म्हणणं म्हणजे... गाणं वाजलं असं काटेकोरपणे म्हणता येणार नाही."

ड्यूगलनं डोळे मिटून मान डोलावली. काळ्या टी-शर्टांत समाधानाची कुजबुज झाली.

"ऐकलंस ग्लेनिस?" मर्लबाई म्हणाल्या. "त्याच्याच तोंडानं हं. मी काही म्हटलं नाही." आणि त्या केक घ्यायला गेल्या.

सोमवारी रसेलनं यंत्र उतरवायला घेतलं. मदतीला ये म्हणून ड्यूगलला फोन केला, तर ड्यूगल म्हणाला की काल तू जी निष्ठा दाखवलीस तिच्याबद्दल मंडळी अजून बोलताहेत, पण पाठ धरली आहे. बाकीच्यांच्याही पाठी धरल्या होत्या. एकेक तुकडा ग्लेनिसनं आणि त्यानं मिळून कपडे धुण्याच्या खोलीत नेला, आणि वॉशिंग मशीनच्या वर, साबणाच्या पावडरीशेजारी रचला.

दुपारी मर्लबाईंनी गाडी सुरू केली, सावकाश गॅरेजमध्ये आणली, आणि कोरड्या फरशीवर उभी केली. रसेल हातात वायरींचा गुंता घेऊन दारात उभा होता. त्यांनी चष्मा वर सरकवून समोर बघितलं. आठ वर्षांनी उघडी पडलेली भिंत पिवळसर रंगाची होती, आणि तिच्यावर स्क्रूंच्या भोकांच्या रांगा होत्या.

"भिंत चांगली आहे की रे," त्या म्हणाल्या. "दोन-चार खिळे मार, मी माझी छत्री टांगीन."